वाव: दोन हातांच्या मापामागे सात दिवस, सातपाटी ते मालवण

कोकण किनाऱ्यावर खोली अजूनही मीटरमध्ये सांगत नाहीत. "बारा वाव पाणी आहे" म्हटलं की समोरच्याला कळतं. दोर, जाळं, नांगराची लांबी, गरीची डोर, सगळं वावेत. दोन्ही हात आडवे पसरले की जेवढं अंतर भरतं ती एक वाव. शब्द कुठून आला हे पुस्तकात सापडतं, पण तो असाच का टिकला हे दोर मोजताना पाहिल्याशिवाय समजत नाही. म्हणून हा प्रवास मार्गशीर्ष शुद्ध नवमी ते पौर्णिमा असा आखलेला आहे. नवमी-दशमीला भांग असते, म्हणजे भरती-ओहोटीतली तफावत कमी, पाण्याला ओढ कमी आणि बरीच जाळी किनाऱ्यावर. पौर्णिमेकडे जाताना उधाण वाढत जातं. माप दोन्ही अवस्थांत बघता येतं.

निघण्यापूर्वी एक हिशेब पाठ करून ठेवावा. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. नवमी म्हणजे नऊ पाऊणे पावणेसात, द्वादशीला नऊ, पौर्णिमेला सव्वाअकरा. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून एक. ओहोटी त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी. अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतं, कारण भरती रोज सुमारे 50 मिनिटांनी उशिरा येते आणि तिथी मात्र पंचांगाच्या घड्याळाने बदलते. तरी बंदरावर किती वाजता पोचायचं हे ठरवायला एवढं पुरतं.

पहिला दिवस: नवमी, सातपाटी

पालघर स्टेशनावर उतरून एस.टी. किंवा रिक्षाने सातपाटी. हे पापलेटचं गाव. 2023 च्या सप्टेंबरात रुपेरी पापलेट राज्याचा मासा म्हणून जाहीर झाला, त्यात या बंदराचा वाटा मोठा. इथलं मुख्य जाळं म्हणजे पाण्यात भिंतीसारखं उभं राहणारं, मासा कल्ल्याशी अडकवणारं. त्याला वरून दोर, खालून दोर. वरच्याला तरंगणारे बोये, खालच्याला वजन.

वाव मोजण्याची रीत अशी. पाय खांद्याइतके फाकवून ताठ उभं राहायचं. दोराचं टोक उजव्या मुठीत. डाव्या हाताने दोर छातीपुढून सरकवत दोन्ही हात खांद्याच्या रेषेत पूर्ण ताणायचे, कोपरं वाकवायची नाहीत. डाव्या मुठीजवळ एक वाव पूर्ण झाली. मग उजवी मूठ सोडून डाव्या मुठीपाशी दोर पकडायचा, मोजलेला भाग पायाशी गोल पडू द्यायचा. नेहमीच्या उजव्या पिळाचा दोर असेल तर वेटोळं घड्याळाच्या दिशेनेच पाडायचं. उलट पाडलं तर पाण्यात सोडताना दोराला गाठाळे पीळ पडतात आणि नेमके कप्पीत अडकतात.

या रीतीत एक बारकावा आहे, जो पुस्तकातल्या व्याख्येत नसतो. मधल्या बोटाच्या टोकापासून टोकापर्यंत मोजलं तर वाव माणसाच्या उंचीइतकी भरते. पण दोर बोटांच्या टोकांनी धरता येत नाही, मुठीने धरावा लागतो. दोन्ही बाजूंना चार-चार बोटं मुठीत जातात. 168 सेंटिमीटर उंचीच्या माणसाची मुठीची वाव दीड मीटरच्या आसपास येते. म्हणजे पाण्याची खोली सांगताना जी वाव 6 फुटांची धरतात ती आणि दोर मोजताना हातात येते ती, यांत फुटाएवढा फरक आहे. याची अडचण सहसा होत नाही, कारण जाळं बांधताना लांबीपेक्षा प्रमाण महत्त्वाचं असतं.

ते प्रमाण आकड्यांत बघू. जाळ्याचा आस म्हणजे एक घर. पापलेटच्या जाळ्याला तो ताणून मोजला तर साधारण सव्वाशे ते दीडशे मिलिमीटर असतो. 140 मिलिमीटरचा धरू. हजार आसांचा तुकडा पूर्ण ताणला तर 140 मीटर. पण तो ताणून दोराला बांधला तर घरं मिटतात आणि मासा शिरतच नाही. म्हणून तो निम्म्यावर बांधतात, म्हणजे 70 मीटर दोरावर. दीड मीटरच्या वावेने हा दोर 47 वाव झाला आणि एका वावेत 21-22 आस बसले. दोन गाठींमधलं अंतर वावेच्या भागांत पाडायचं, त्यात मोजून आस ओवायचे. मोजणाऱ्याची वाव थोडी लहानमोठी असली तरी चालतं, मात्र पूर्ण काम एकाच वावेने व्हायला हवं. घरांचा तोंडवळा त्यावर ठरतो. जाळं ताणलेल्या लांबीच्या सुमारे सात दशांशावर बांधलं तर घर बरोबर चौकोनी उघडतं, निम्म्यावर ते उभट राहतं आणि जाळं सैल पडतं, पापलेटसारखा उंच अंगाचा मासा अशा जाळ्यात चांगला गुंततो.

आता बिघडतं कुठे ते. वरचा दोर एकाने मोजला, खालचा दुसऱ्याने. एकाची वाव दीड मीटर, दुसऱ्याची 1.65. दोघांनी 47 प्रामाणिकपणे मोजल्या, तरी फरक सात मीटरचा पडला. असं जाळं पाण्यात उभं राहत नाही. जो दोर आखूड असेल त्या बाजूला घडी पडते, भिंतीचा पोटफुगा होतो, प्रवाहात ते पिळवटतं. त्यामुळे नियम साधा: एका जाळ्याला एक माणूस. तो आजारी पडला तर काम थांबतं. दुसरी चूक दमण्याची. पन्नासेक वाव झाल्या की खांदे उतरतात, हात पूर्ण ताणले जात नाहीत आणि प्रत्येक वाव बोट-दोन बोटं आखडते. म्हणून दोन्ही दोर संपले की वाळूत शेजारी पसरून, टोकं खेचून ताडून बघतात. मोजणी कितीही चोख असली तरी हे ताडणं चुकवत नाहीत.

सातपाटीत शब्दाचा एक धागाही सापडतो. गुजरात इथून जवळ, त्या भाषेत याच मापाला वाम म्हणतात. गुजरातीत वाव हा शब्दही आहे, पण त्याचा अर्थ पायऱ्यांची विहीर. ती संस्कृत वापीवरून आली, तिचा या मापाशी संबंध नाही. खोलीशी दोन्हींचा संबंध जुळतो म्हणून फसायला होतं एवढंच. मराठीत "बोलायला वाव मिळाला" म्हणतो तो वावही निराळा, तोही बाजूला ठेवावा.

दुसरा दिवस: दशमी, अर्नाळा

विरारहून अर्नाळा. भरती साडेसातची, त्यामुळे घाई नाही. भांगेच्या दिवसांत यायचं कारण इथे कळतं. डोल हे जाळं पाण्याच्या ओढीवर चालतं. समुद्रतळाशी पक्क्या केलेल्या आधाराला बांधलेली ही लांबलचक पिशवी, तोंड प्रवाहाकडे. भरती किंवा ओहोटीचं पाणी तिच्यातून वाहतं आणि बोंबील, जवळा, करंदी, मांदेली मागच्या निमुळत्या टोकात, म्हणजे खोल्यात, साठत जातात. भांगेला पाण्यात जोर नसतो, पिशवी फुगत नाही, म्हणून जाळी बाहेर. वाळवणं, शिवणं, मोजणं या दोन-चार दिवसांत.

डोलीत वाव तीन ठिकाणी लागते. एक, पिशवीची लांबी. तोंडाशी वीतभर किंवा त्याहून मोठे आस, मागे जाऊ तसे बारीक होत खोल्याशी बोट जेमतेम शिरेल इतके. प्रत्येक आकाराचा पट्टा किती वाव घ्यायचा यावर पिशवीचा उतार ठरतो. मोठ्या आसाचा भाग आखूड आणि बारकाचा लांब केला तर पाणी आतून पुरेसं निघत नाही. पाणी निघालं नाही की पिशवीपुढे उशी तयार होते, मासा तोंडाशी येऊन बाजूला वळतो. शिवाय दोरांवर ताण इतका येतो की आधार सैल होतो.

दोन, तोंडाच्या कोपऱ्यांपासून आधारापर्यंतचे दोर. हे जोडीने सारखे पाहिजेत. एक दोर हातभर जरी आखूड झाला तरी तोंड तिरकं होतं, पिशवी एका बाजूला फिरते, आणि तास-दोन तासांत खोल्याला पीळ बसतो. पिळलेल्या खोल्यात मासा जातच नाही. दोर सारखे असूनही असं होत असेल तर बहुतेक वेळा एक नवा आणि एक जुना असतो. नायलॉन ओलं झाल्यावर ताणतं, नवं जास्त ताणतं. काथ्या आणि सण उलट, भिजले की आखडतात. म्हणून जोडीचे दोर एकाच वेळी बदलतात. एकच तुटला असला तरी दोन्ही नवे.

तीन, खोली. मुंबईच्या अपोलो बंदराचे सरासरी आकडे हिशेबाला घेऊ. उधाणाची भरती 4.42 मीटर, उधाणाची ओहोटी 0.76. तफावत 3.66 मीटर, म्हणजे 6 फुटी मापाने बरोबर दोन वाव. भांगेला भरती 3.30, ओहोटी 1.86, तफावत 1.44 मीटर, पाऊण वावेहून थोडी जास्त. "उधाणाला दोन, भांगेला पाऊण" एवढं डोक्यात असलं की दोराला किती सूट ठेवायची ते ठरतं. भांगेच्या दिवशी पाण्याची खोली बघून वरचे दोर बेताचे कापले तर पाच-सहा दिवसांनी उधाणाच्या भरतीत वरचे बोये पाण्याखाली ओढले जातात आणि तोंड मिटतं.

जाळं काढायचं तेव्हा पाणी थबकलेलं असावं लागतं. भरती संपून ओहोटी सुरू होण्याआधीचा तो वेळ उधाणाला फार थोडा असतो. उशीर झाला तर प्रवाह उलटतो, पिशवी आधारावरून फिरते आणि खोल्यातला माल तोंडातून परत जातो. पंचांग इथे देवघरात कमी, होडीत जास्त लागतं.

तिसरा दिवस: एकादशी, मुंबई

ससून डॉक 1875 सालची. पहाटे पाचला पोचलं तर लिलाव आणि बर्फाची धावपळ दिसते, पण या प्रवासापुरतं काम आहे ते दोराच्या दुकानांत. दोर आज किलोवर आणि बंडलावर विकतात. बंडल बहुधा 220 मीटरचं. हा आकडा असा विचित्र का? 200 नाही, 250 नाही? कारण 120 फॅदम म्हणजे 219.5 मीटर. फॅदमच्या काळातलं बंडल मीटरमध्ये आलं, आकडा बदलला, लांबी तीच राहिली. इंग्रजीतला फॅदम 6 फुटांचा, 1.83 मीटरचा. त्याचाही मूळ अर्थ पसरलेले हात, मिठी. पण तो कायद्याने बांधून टाकलेला. आपली मुठीची वाव दीड मीटरची धरली तर याच बंडलात 147 वाव निघतात. दुकानदाराने "एकशेवीस वाव आहे" म्हटलं आणि घरी मोजल्यावर जास्त भरल्या तर दोर वाढलेला नसतो. उलटा प्रकार महागात पडतो: 147 वावांचा हिशेब करून बंडल घेतलं आणि मोजायला उंच माणूस बसला, तर शेवटच्या जाळ्याला दोर अपुरा.

या दिवशी भरती सव्वाआठ आणि मग संध्याकाळी साडेआठच्या पुढे, मधला वेळ शब्दासाठी.

संस्कृतात हे माप व्याम. अमरकोशातली व्याख्या इतकी नेमकी आहे की तीवरून आजही दोर मोजता यावा: "व्यामो बाह्वोः सकरयोस्ततयोस्तिर्यगन्तरम्", हातांच्या पंजांसकट पसरलेल्या दोन बाहूंमधलं आडवं अंतर. "सकरयोः" हा शब्द लक्षात घ्यावा. पंजांसकट. म्हणजे कोशकाराची वाव बोटांच्या टोकांपर्यंतची, सातपाटीतली मुठीपर्यंतची.

कौटिल्याचं अर्थशास्त्र आणखी जवळ येतं. मापांच्या प्रकरणात वाक्य आहे: "चतुरशीत्यङ्गुलो व्यामो रज्जुमानं खातपौरुषं च." 84 अंगुळांचा व्याम, हे दोराचं माप आणि खोदलेल्या खोलीचंही. दोर आणि खोली, म्हणजे किनाऱ्यावर वाव ज्या दोन कामांना वापरतात नेमकी तीच. 24 अंगुळांचा एक हात, म्हणून 84 अंगुळं म्हणजे साडेतीन हात. मराठी माणसाला हा आकडा ओळखीचा आहे. साडेतीन हातांचा देह, जुन्या भाषेत औट हात. पसरलेले हात आणि शरीराची उंची सारखी, ही गोष्ट या दोन शब्दप्रयोगांनी दोन बाजूंनी सांगितली आहे.

व्यामाची वाव कशी झाली? दोन बदल, दोन्ही मराठीत सर्रास दिसणारे. शब्दाच्या सुरुवातीचा व्य गळून व उरतो: व्याघ्राचा वाघ झाला तसा. आणि दोन स्वरांमधला म नाकात जाऊन व होतो: ग्रामाचा गाव, नामाचं नाव, आमलकाचा आवळा, भ्रमराचा भवरा. प्राकृतात वाम, त्यापुढे मराठीत वांव. जुन्या छापील मराठीत गांव, नांव यांच्याप्रमाणे वांव असाच अनुस्वारासह लिहीत. ते टिंब म्हणजे हरवलेल्या म ची खूण होती. 1962 च्या लेखननियमांनी उच्चारात नसलेले अनुस्वार काढले, आणि वांव कागदावर "संधी" या अर्थाच्या वावासारखी दिसू लागली. एकच अक्षरजोडी, अर्थ दोन, म्हणून गोंधळ. गुजरातीने म तसाच ठेवला, तिथे वाम राहिली. सातपाटीत दिसलेला धागा इथे जुळतो.

चौथा दिवस: द्वादशी, अलिबाग

गेटवेहून मांडवा, तिथून अलिबाग. भरती नऊची, ओहोटी सव्वातीनच्या सुमारास. कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं. अडीचला निघून चारच्या आत परतावं. दुपारी जिथून चालत गेलो तिथे रात्री नऊला माणूस बुडेल एवढं पाणी असतं, वावेचा हिशेब डोळ्यांनी बघायला याहून सोपी जागा नाही.

या भागात वाव कायद्यातही भेटते. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन अधिनियम 1981 सालचा, 2021 मध्ये त्यात मोठ्या दुरुस्त्या झाल्या. यांत्रिक ट्रॉलरला, म्हणजे जाळं ओढत नेणाऱ्या बोटीला, किनाऱ्याजवळ जी मनाई आहे ती खोलीवर बेतलेली आहे, काही भागांत पाच वाव, काही भागांत दहा. त्याच्या आतलं पाणी डोल, रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं जाळं, लहान जाळी यांच्यासाठी. पाच म्हणजे 9.14 मीटर, दहा म्हणजे 18.29. इथे मुठीची वाव चालत नाही, 6 फुटीच लागते.

पण खोली कधीची? समजा नकाशावर एका जागी 8 मीटर पाणी दाखवलं आहे. नकाशावरची खोली फार खालच्या ओहोटीला धरून छापलेली असते, पाणी सहसा त्यापेक्षा वरच असतं. उधाणाच्या भरतीत तिथे 8 अधिक 4.42, म्हणजे 12.42 मीटर, पावणेसात वाव. त्याच दिवशी ओहोटीला 8.76 मीटर, पाच वावेला थोडं कमी. दोराला बांधलेलं शिसं सोडून मोजलं तर तीच जागा सकाळी हद्दीबाहेर आणि संध्याकाळी हद्दीत. म्हणून मोजलेल्या खोलीतून त्या वेळची भरती वजा केल्याशिवाय पाच वाव म्हणायला अर्थ नाही. वाद झाला की दोन्ही बाजू आपापल्या वेळचं मोजमाप पुढे करतात, आणि दोन्ही मोजमापं खरी असतात!

हाताने खोली घेण्याची पद्धत आता कमी झाली तरी ती माहीत असावी, यंत्र बंद पडतंच. दोन-तीन किलोचं लांबट शिसं, त्याच्या बुडाला खळगा. खळग्यात चरबी किंवा साबण दाबून भरायचा. दोराला वावेगणिक गाठ, पाच वावेला वेगळ्या रंगाची चिंधी, अंधारात हाताला कळेल अशी. होडी चालती असेल तर शिसं पुढे फेकायचं, म्हणजे ते तळाला टेकेपर्यंत दोर उभा येतो. मागे फेकलं तर दोर तिरका राहतो आणि खोली जास्त वाटते. शिसं वर आल्यावर बुडाला काय चिकटलं ते बघायचं: चिखल, वाळू, शिंपल्यांचा चुरा. काहीच न चिकटता चरबीवर ओरखडा असेल तर खाली खडक, तिथे जाळं टाकायचं नाही.

यंत्रावर खोली बघणाऱ्यांची चूक वेगळी. त्यात मीटर, फूट आणि फॅदम असे तीन पर्याय असतात. यंत्र मीटरवर लावलेलं, बोलणं वावेत. पडद्यावरचा 10 म्हणजे दहा वाव समजून जाळं सोडलं तर प्रत्यक्षात साडेपाच वावच पाणी असतं, खालचा दोर तळात रुततो. शिवाय यंत्राचा डोळा होडीच्या बुडाला असतो, पृष्ठभागापासूनची खोली हवी तर होडी पाण्यात जितकी बुडालेली आहे तेवढं मिळवावं लागतं.

पाचवा दिवस: त्रयोदशी, हर्णै

अलिबाग, मुरूड, आगरदांडा-दिघी जंगलजेटी (म्हणजे खाडी ओलांडणारी, गाड्या नेणारी फेरीबोट), श्रीवर्धन, बागमांडला-वेश्वी जंगलजेटी, केळशी, आंजर्ले, हर्णै. पहाटे निघालं तरच संध्याकाळच्या लिलावाला पोचता येतं. होड्या सुवर्णदुर्गाच्या आसपास नांगरलेल्या असतात, माल लहान होड्यांनी किनाऱ्यावर येतो.

इथे वाव नांगराच्या दोराला लागते. उथळ बंदरात एक वाव पाण्याला पाच वाव दोर हा बरा हिशेब, वारा असेल तर सात. कारण नांगराचा फाळ तळात रुतायला ओढ आडवी हवी. दोर कमी सोडला तर ओढ वरच्या दिशेने येते आणि नांगर उपटतो. चूक होते ती वेळेची. ओहोटीला नांगर टाकला, पाणी तीन वाव, पाच पटीने पंधरा वाव सोडल्या. भरतीला पाणी साडेचार वाव झालं, तेव्हा तोच दोर जेमतेम सव्वातीन पट उरला. रात्री वारा उठला की होडी घसरू लागते. म्हणून पाणी भरतीचं धरायचं: साडेचार पाचा साडेबावीस, तेवीस वाव. उलट बाजूही आहे. सगळ्यांनी तेवीस सोडल्या आणि एकाने पन्नास, तर वारा फिरल्यावर तो मोठ्या वर्तुळात फिरतो आणि शेजाऱ्याच्या होडीवर जातो. गर्दीच्या बंदरात शेजारच्या होडीने किती सोडला आहे ते विचारून मगच आपला सोडायचा.

सहावा दिवस: चतुर्दशी, रस्ता

दाभोळ-धोपावे जंगलजेटी, गुहागर, तवसाळ-जयगड जंगलजेटी, रत्नागिरी, मग महामार्गाने मालवण. दिवसभराचा प्रवास, बघायला वेळ नाही.

सातवा दिवस: पौर्णिमा, मालवण

दक्षिणेला येऊ तशी भरती-ओहोटीतली तफावत कमी होत जाते. मुंबईला उधाणात दोन वाव, मालवणला दोन मीटरच्या आतबाहेर, म्हणजे एक वाव. इथे पाण्याच्या उभ्या चढउतारापेक्षा किनाऱ्यालगतची खोली आणि जाळ्याची उंची यांचा मेळ महत्त्वाचा, कारण इथलं जाळं आहे रापण.

रापणीचा एक दोर किनाऱ्यावर माणसांच्या हातात ठेवून होडी जाळं सोडत अर्धगोलाने जाते आणि दुसरा दोर घेऊन लांबवर किनाऱ्याला लागते. मग दोन्ही बाजूंनी माणसं ओढतात. जाळ्याची भिंत पृष्ठभागापासून तळापर्यंत पोचायला हवी. वाटेत सर्वांत खोल जागा चार वाव असेल तर भिंत चारपेक्षा जास्त घ्यावी लागते, कारण ओढताना पाण्याच्या दाबाने ती मागे झुकते आणि उभी उंची कमी होते. बेताची घेतली तर खालचा दोर तळापासून उचलला जातो आणि मासा खालून सुटतो. तारली आणि बांगड्याचा थवा अशी फट लगेच शोधतो.

दोन्ही बाजूंचे दोर वावेने सारखे मोजलेले असतात आणि त्यांवर खुणा असतात. एका बाजूची खूण वाळूत आली की दुसऱ्या बाजूची यायलाच हवी. एक बाजू पुढे गेली की मधली पिशवी मध्यावरून सरकते, मागे राहिलेल्या बाजूला जाळं सैल पडतं, आणि तिथून मासा बाहेर. अशा वेळी पुढे गेलेल्यांनी ओढणं थांबवून दोर नुसता धरून ठेवायचा. सोडायचा मात्र नाही, सोडला तर खालचा दोर उलटतो. दोन्ही टोळ्या शेवटी एकमेकींकडे सरकत येतात आणि दोर गुंडाळणारे मागे वेटोळी घालत राहतात. पौर्णिमेच्या रात्री एक गोष्ट हुकते: थव्याच्या हालचालीने काळोख्या पाण्यात उठणारी चमक चांदण्यात दिसत नाही, म्हणून पहाटेच्या उजेडात पाण्याचा रंग आणि पाखरं बघून जाळं टाकतात.

इथून गोवा जवळ. पोर्तुगीज ब्रासा हे मापही हातावरूनच आलं, ब्रासू म्हणजे बाहू. पण ते 2.2 मीटरचं, दहा पाल्मूंचं, वीतभराच्या मापाने बांधून वाढवलेलं. एवढे लांब हात पसरणारा माणूस सहसा सापडणार नाही. वाव अजून माणसाच्या अंगावर आहे, म्हणून तिला दुरुस्तीही लागते.

ती दुरुस्ती मालवणात रापण वाळत घातल्यावर दिसते. ओल्या दोरावरच्या खुणा ताणामुळे पुढे सरकलेल्या असतात, आणि दोन्ही बाजूंच्या सारख्या सरकत नाहीत, कारण समुद्राच्या ओढीची बाजू जास्त ताणली जाते. म्हणून दोर सुकल्यावर जुन्या चिंध्या सोडतात, एकच माणूस दोन्ही दोर पुन्हा मोजतो, दहा-दहा वावेला नवी खूण बांधतो. शेवटी दोन्ही टोकं एका खुंटाला अडकवून ताणायची, खुणा समोरासमोर आल्या तर गुंडाळायचे, नाही तर मागच्या खुणेपासून परत.